पुन्हा पुन्हा बाजारात येणारा फ्लॅट: अडतं कुठे, ते आधी शोधा

गेल्या वर्षी श्रावणात पुण्यातल्या कर्वेनगरच्या एका तरुण एजंटचा फोन आला. "ताई, तो दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके आता माझ्याकडे आलाय. काय करू?"

तो फ्लॅट मला माहीत होता. आमच्या भागातल्या सगळ्याच एजंटांना माहीत होता. चौदा महिने बाजारात, तीन एजंट होऊन गेलेले, भाव एक कोटी पाच लाखांवरून नव्याण्णव लाखांवर उतरलेला, आणि तरी चावी अजून वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली.

मी एवढंच विचारलं, "आजवर किती जण बघून गेले? आणि कोण कुठल्या टप्प्यावर मागे फिरलं?"

तो जरा थांबला. "ते कोण लिहून ठेवतं, ताई? मी ओनरना रेट कमी करायला सांगतोय."

मी सोळा वर्षं रीसेलमध्ये आहे आणि अलीकडे माझ्याकडे बरीचशी अशीच अडलेली घरं येतात. प्रत्येक घरामागे दोन निदानं तयार असतात. मालक म्हणतात, एजंटने काही केलं नाही. एजंट म्हणतो, रेट जास्त आहे. दोन्हीही कधी कधी खरी असतात. पण नेमकं कुठे अडलंय हे न बघता भाव उतरवला, तर मालकाचे पाच लाख जातात आणि घर जागचं हलत नाही. या फ्लॅटचे सहा लाख तसेच उतरले होते.

आधी मागचं लिहून काढा

नवीन फोटो काढायच्या आधी, जाहिरात टाकायच्या आधी, मागच्या गिऱ्हाइकांची यादी करा. आधीच्या एजंटांना फोन करा. ते सांगत नाहीत असा समज आहे, पण "तुमचं गिऱ्हाईक माझ्याकडे ओढणार नाही, का अडलं तेवढं सांगा" असं सरळ म्हटलं की बहुतेक जण मोकळेपणाने बोलतात. सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर बघा, त्यात फ्लॅट नंबर आणि तारीख असते. वॉचमनशी बोला. कुठलं कुटुंब जिन्यात उभं राहून भांडलं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

मग ज्यांचे नंबर मिळतील त्यांना फोन करा. आपल्याकडे घर आवडलं नाही असं तोंडावर कोणी सांगत नाही. "घरी विचारून कळवतो" म्हणतात आणि विषय संपतो. म्हणून "का नाही घेतलं?" असं विचारू नका. मी विचारते, "हे घर घेतलं असतं, तर पहिलं काय बदललं असतं तुम्ही?" यावर माणसं खरं बोलतात, कारण त्यात कोणाचा अपमान होत नाही.

त्या मुलाने चार दिवस घालून ही यादी केली. सत्तावीस कुटुंबं येऊन गेली होती. वीस जण एकदाच आले. पाच जण दुसऱ्यांदा आले आणि मग थांबले. दोघांनी टोकन (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिलं आणि दोन्ही टोकनं परत गेली. ही यादी वाचल्यावर फक्त रेट वाढीव आहे असं म्हणताच येत नव्हतं. भाव अजिबातच परवडणारा नसता तर दोघांनी टोकन कशाला दिलं असतं? तिथे किमान दोन गाठी होत्या. एक घरात होती आणि एक कागदात.

फोनच येत नसतील तर

ही गाठ सगळ्यात सोपी, म्हणून थोडक्यात सांगते. पोर्टलवर गिऱ्हाईक होऊन तोच फ्लॅट शोधा. बहुतेक वेळा तो चार-पाच ठिकाणी चार-पाच भावांना दिसतो, कारण जुन्या एजंटांच्या जाहिराती कोणी काढलेल्याच नसतात. एकीकडे १०५० चौरस फूट, दुसरीकडे ७४०. वाचणाऱ्याला वाटतं, इथे काहीतरी लपवलंय. या फ्लॅटच्या एका जाहिरातीत "मेट्रो लवकरच" असं अजून होतं. कुठल्या तरी जुन्या मजकुरातून ते उचललं असणार, कारण वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्येच सुरू झाली.

जुन्या जाहिराती काढायला लावा आणि टेप घेऊन खोली खोली स्वतः मोजा. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, त्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं, त्याला १०.७६४ ने गुणा. आमच्या फ्लॅटचं ६८.७५ चौरस मीटर, म्हणजे ७४० चौरस फूट. मूळ करारात तो आकडा कार्पेट (भिंतींच्या आतला) आहे की बिल्टअप (भिंती धरून), हेही वाचून घ्या. जुन्या इमारतींमध्ये बिल्डरच्या ब्रोशरमधला सेलेबल (जिना वगैरेंचा वाटा धरून फुगलेला) आकडा मालकाच्या डोक्यात पक्का बसलेला असतो आणि ते तोच सगळ्यांना सांगत राहतात.

भावाचं म्हणाल, तर शेजारच्याने काय मागितलं याला काही किंमत नाही. शेवटी नोंद कितीला झाली ते बघा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू दिसतो, त्यावर मोबदला आणि बाजारभाव असे दोन्ही आकडे असतात. त्याच इमारतीतले, नसतील तर त्याच गल्लीतले, गेल्या वर्ष-दीड वर्षातले चार व्यवहार काढून मालकासमोर ठेवा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरतक्त्याचा, हिशेब करताना इमारतीच्या वयाचा घसारा धरायला विसरू नका. घसारा न धरता फुगवलेला आकडा सांगून गिऱ्हाइकाला घाबरवलेले एजंट मी पाहिलेत.

आणि भाव ठरवताना गिऱ्हाइकाच्या कर्जाचं गणित मांडा. हे फार थोडे एजंट करतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. आता बघा. ९३ लाख ७५ हजारांच्या घरावर ८० टक्के म्हणजे बरोबर ७५ लाख. एक कोटीच्या घरावर ७५ टक्के, म्हणजे तेही ७५ लाखच. या दोन भावांच्या मधला प्रत्येक रुपया गिऱ्हाइकाला स्वतःच्या खिशातून घालावा लागतो.

आमचा फ्लॅट ९९ लाखांना होता, म्हणजे नेमका या खड्ड्यात. स्वतःचे २४ लाख, त्यावर पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ९३ हजार, नोंदणी फी ३० हजार. एकूण ३१ लाखांवर रोख जवळ हवेत. तोच फ्लॅट साडेत्र्याण्णव लाखांना असेल तर स्वतःचे १८ लाख ७० हजार, मुद्रांक ६ लाख ५५ हजारांच्या आसपास आणि तीच नोंदणी फी. साडेपंचवीस लाखांत काम होतं. खरेदी केवळ बाईच्या नावावर असेल तर मुद्रांकात आणखी एक टक्का वाचतो. पती-पत्नीच्या संयुक्त नावाला मात्र ती सवलत नाही. हे फोनवरच सांगितलं तर कुटुंबात नाव कोणाचं घालायचं याचा विचार वेळेवर होतो.

येतात, बघतात, परत फिरकत नाहीत

एकदाच येऊन गेलेल्या वीस कुटुंबांपैकी अकरा जणांनी आमचा फोन उचलला. सात जणांच्या तोंडी एकच शब्द आला: वास. कोणी "कोंदट" म्हणालं, कोणी "ड्रेनेजचा प्रॉब्लेम आहे का तिथे?" असं विचारलं. आधीच्या तिघा एजंटांपैकी कोणालाही हे कळलं नव्हतं, कारण ते दार उघडायचे, खिडक्या उघडायचे आणि बाल्कनीत जाऊन फोनवर बोलायचे.

मी स्वतः गेले. मास्टर बेडरूमची बाथरूम दोन वर्षं वापरातच नव्हती. अशा बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट भागातलं) पाणी सुकून जातं आणि खालच्या लाइनचा वास सरळ घरात येतो. प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये बादलीभर पाणी ओतलं, वॉचमनच्या बायकोला दर चार दिवसांनी तेवढं करायला सांगून महिन्याचे पैसे ठरवले. वास गेला. चौदा महिने ज्या गोष्टीने माणसं परत पाठवली तिला औषध पाण्याची बादली होती. मला त्या दिवशी आनंद झाला नाही, वाईट वाटलं.

ओल मात्र इतक्या सहज जाणारी नव्हती. पुण्यात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. त्या बेडरूमच्या पश्चिम भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यात ओलीचा डाग होता आणि एका एजंटने मालकांना त्यावर पुट्टी मारून रंग द्यायला लावला होता. असं कधीही करू नका. पुढच्या पावसात पोपडे निघतात आणि तेव्हा गिऱ्हाइकाला ओलीपेक्षा लपवाछपवी जास्त खटकते. पाणी कुठून येतं ते बाहेरून शोधा. इथे छज्ज्याच्या वर बाहेरच्या भिंतीला तडा होता. बाहेरची भिंत, गच्चीची गळती, बाहेरचे पाइप ही दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून गळत असेल तर तो दोन सभासदांमधला प्रश्न. सोसायटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या. आमच्या सोसायटीने पाऊस उघडल्यावर बाहेरून काम करून दिलं आणि आम्ही ठेकेदाराचं बिल जपून ठेवलं. त्या बिलाचा पुढे फार उपयोग झाला.

भाडेकरू राहत असलेल्या घराची गोष्ट वेगळी. भाडेकरूला घर दाखवण्यात काहीच मिळत नाही, उलट त्याला घर शोधावं लागणार असतं. त्याच्यावर डाफरून काही साधत नाही. आठवड्यातले दोन दिवस आणि दोन तास त्याच्याशी बोलून ठरवा, बाकीच्या वेळी फोनही करू नका, आणि त्याला नवीन घर शोधून देण्याची जबाबदारी मनापासून घ्या. वाकडला मी एका भाडेकरू कुटुंबाला दलाली न घेता घर बघून दिलं, तर त्या ताईंनी स्वतः येणाऱ्यांना चहा विचारला.

दुसऱ्यांदा येऊन थांबणारे लोक बहुतेक वेळा घरामुळे थांबत नाहीत, सोसायटीमुळे थांबतात. दुसऱ्या भेटीला ते खाली उभे राहतात, पार्किंगमध्ये कोणाची गाडी कुठे आहे बघतात, शेजाऱ्यांना पाण्याचं विचारतात. पार्किंगचं उत्तर "लावतात कुठेही" असं असेल तर ते घर तिथेच गेलं म्हणून समजा. बिल्डर उघडं किंवा स्टिल्टचं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग स्वतंत्र विकू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलंय. त्यामुळे "पार्किंग आमचं आहे" या मालकांच्या तोंडी शब्दावर न राहता सोसायटीचं वाटपपत्र मागा. नसेल तर कमिटीकडून पत्र घ्या, मग ते "क्रमाने मिळेल" एवढंच म्हणणारं का असेना. आमच्या पाचांपैकी तिघे याच मुद्द्यावर थांबले होते.

आणि पाणी. उंड्री, वाघोली, बाणेरच्या काही भागांत टँकरचा महिन्याचा खर्च किती ते मेंटेनन्सच्या बिलासोबत सांगून टाका. नदीकाठच्या घरांना पुराबद्दल विचारतात आणि ते रास्त आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय आणि १९६१ चा पानशेतचा पूर इथल्या घराघरांत अजून सांगितला जातो. पाणी पार्किंगपर्यंत आलं होतं तर तसं सांगा, कुठल्या पायरीपर्यंत तेही सांगा. आपण नाही सांगितलं तर शेजारी सांगतातच.

टोकन परत गेलं असेल तर

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त घरं इथे अडतात आणि मालकाला खरं कारण सगळ्यात कमी वेळा कळतं.

आमच्या फ्लॅटच्या मालक एक काकू होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा हडपसरला, मुलगी कॅनडात. दोन्ही टोकनं परत गेली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं, "पार्टीचं लोन झालं नाही." दोन्ही वेळा तेच वाक्य. काकू मला म्हणाल्या, "माझ्या घरातच काहीतरी दोष आहे का गं? बत्तीस वर्षं राहिलो आम्ही इथे." त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या टोकनवाल्यांना शोधून काढलं. त्यांची पात्रता व्यवस्थित होती, कर्ज मंजूरही झालं होतं. बँकेच्या वकिलाने शेरा मारला होता: मूळ करार मयताच्या नावे, वारसांचे हक्क सुटलेले नाहीत. काकू नॉमिनी होत्या, सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव चढवलं होतं आणि आधीच्या तिन्ही एजंटांनी तेवढं बघून कागद पूर्ण आहेत असं मानलं होतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा एवढंच नामनिर्देशनाने ठरतं. हक्क वारसांकडे जातो. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, म्हणून पत्नी, मुलगा आणि मुलगी तिघांचाही वाटा होता.

यावर उपाय साधा आहे, फक्त वेळ लागतो. मुलगा आणि मुलगी यांनी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा दस्त, करून द्यायचं. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता, कायद्याच्या अटींत बसत असेल तर त्याचं मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. नाहीतर तिघांनीही विक्रीच्या दस्तावर सह्या करायच्या, तोही मार्ग आहे. परदेशातल्या मुलीने तिथे भारतीय वकिलातीत किंवा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी शिक्का) करून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) पाठवायचं आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं. हे तीन महिने लक्षात ठेवा. मुलीने प्रेमाने पाठवलेला कागद कपाटात पडून राहिला आणि मुदत गेली, असं मी दोन घरांत पाहिलंय.

म्हणून आता मी फोटो काढायच्या आधी कागद वकिलाला दाखवते. मूळ करार, सगळ्या आधीच्या खरेद्यांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येते असा पालिकेचा दाखला). एक गोष्ट नव्या एजंटांना आवर्जून सांगते: पुण्यात पुष्कळ इमारती सोसायट्या नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच, डीड ऑफ अपार्टमेंट असतं. ते नोंदवलंय का बघा. नसलेलं शेअर सर्टिफिकेट मागत महिना घालवू नका.

भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका हात लावत नाहीत. गुंठेवारीतल्या (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या) घरांचंही तसंच. अशा घराला कर्जावर अवलंबून असलेली गिऱ्हाइकं दाखवत बसणं म्हणजे दोन्ही कुटुंबांचा वेळ घेणं. मालकांना स्पष्ट सांगा, की गिऱ्हाईक कमी मिळेल आणि भावही त्या हिशेबानेच मिळेल. मगच काम घ्या, नाहीतर घेऊ नका.

बँकेचा व्हॅल्युअर ठरलेल्या भावापेक्षा कमी किंमत काढतो, तेव्हा कर्ज त्या कमी आकड्यावर मिळतं आणि आधी मांडलेलं खिशाचं गणित कोलमडतं. याला उपाय एकच, तेच ई-सर्चचे चार व्यवहार आणि दुरुस्तीची बिलं व्हॅल्युअर येईल तेव्हा हातात तयार ठेवणं. मालकाचंच कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत अडकलेले असतात. त्यांच्याकडून कागदांची यादी आणि फोरक्लोजर लेटर (कर्ज मिटवायला किती भरायचं याचं पत्र) आधीच मागवून ठेवा. ही पत्रं येईपर्यंत गिऱ्हाइकाचं मन दुसरीकडे जातं.

मालक अनिवासी भारतीय असतील तर हे टोकनच्या आधी बोला. निवासी मालकाकडून ५० लाख किंवा त्यावरचं घर घेताना १ टक्का टीडीएस कापायचा असतो, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. अनिवासी मालकाच्या बाबतीत दर बराच जास्त असतो, ५० लाखांची मर्यादाही नाही. मालकाने कमी दराच्या कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढलेलं नसेल, तर दस्ताच्या आठवड्यात दोन्ही बाजू एकमेकांवर संशय घेऊ लागतात. औंधला एक चांगला व्यवहार या एका कारणाने मोडताना मी पाहिला आणि त्यात दोष कोणाचाच नव्हता, फक्त कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सोसायटीने हस्तांतरासाठी देणगी म्हणून भलती रक्कम मागितली, तर शासनाने महापालिका क्षेत्रात हस्तांतर प्रीमियमची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवलेली आहे हे कमिटीला नम्रपणे दाखवा. वाद टोकनच्या आधी मिटलेला बरा.

मालकांशी बोलताना

तुमचा भाव चुकीचा आहे असं सांगितलं की मालक तुमचं पुढचं काहीच ऐकत नाहीत. ज्या घरात मुलांच्या मुंजी झाल्या, लग्नं ठरली, त्याची किंमत परक्या माणसाने खाली करावी हे कोणाला आवडेल? मी त्यांना त्याच भागातले तीन फ्लॅट बघायला घेऊन जाते. गिऱ्हाईक होऊन. काकूंना आणि त्यांच्या मुलाला मी तसंच नेलं. तिसऱ्या घरात काकू स्वयंपाकघरात उभ्या राहून म्हणाल्या, "याला लिफ्ट आहे, ओटा नवीन आहे आणि भाव आपल्याइतकाच." मला काही बोलावंच लागलं नाही.

बरेचदा भावामागे कराची भीती असते. "टॅक्स भरून हातात इतके हवेत" असं म्हणतात आणि तो टॅक्स कोणी मोजलेला नसतो. दोन वर्षांवर स्वतःकडे असलेलं घर विकून होणारा नफा दीर्घकालीन भांडवली नफा असतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनशिवाय (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) १२.५ टक्के किंवा इंडेक्सेशनसह २० टक्के, यातला कमी पडणारा हिशेब घेता येतो. २००१ च्या आधीच्या घराला १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते, आणि नव्या घरात पैसे गुंतवले तर सवलत आहेच. मालकांना सीएकडे पाठवा. बहुतेक जण हलकं मन घेऊन परत येतात.

आणि लेखी करार करा, नव्वद दिवसांचा, एकाच एजंटचा. त्याबदल्यात दर पंधरा दिवसांनी कोण आलं, काय म्हणालं हे मालकांना लेखी द्या. काकूंना चौदा महिन्यांत असं एकही पान मिळालं नव्हतं.

पुन्हा बाजारात आणताना

जुनं सगळं पोर्टलवरून उतरवल्यावर महिनाभर तरी घर शांत राहू द्या. पितृपक्षात नवीन जाहिरात टाकू नका, घर कितीही चांगलं असलं तरी मोठ्यांचा नकार ठरलेला असतो. दसरा, दिवाळीनंतरचे दिवस, पाडवा, अक्षय्य तृतीया या काळात लोक स्वतःहून बघायला निघतात आणि शाळांमुळे मार्च ते मे कुटुंबं हलतात. फोटो त्या घरात ऊन कधी येतं ते बघून काढा. काकूंच्या हॉलमध्ये ते दुपारी साडेतीनला यायचं.

आमचा फ्लॅट दिवाळीनंतर साडेत्र्याण्णव लाखांना लागला. हक्कसोडपत्र नोंदवलेलं होतं, पार्किंगचं पत्र आणि ओलीच्या कामाचं बिल फाइलमध्ये होतं. लिफ्ट नाही हे फोनवरच सांगितलं जायचं, त्यामुळे येणारे कमी झाले आणि जे आले ते ठरवून आले.

वारज्याहून एक जोडपं दुसऱ्यांदा आलं, सोबत मुलीचे आजोबा होते. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "हा फ्लॅट दीड वर्ष का विकला गेला नाही?" प्रत्येक शिळ्या घराला हा प्रश्न येतोच आणि "योग आला नव्हता" असलं उत्तर दिलं की गिऱ्हाईक गेलंच. आमच्या त्या तरुण एजंटने फाइल उघडली. "आजोबा, तीन कारणं होती. मालकांच्या मुलाचं आणि मुलीचं हक्कसोडपत्र झालेलं नव्हतं, हे बघा, ते आता झालंय. या भिंतीला ओल होती, हे बाहेरच्या कामाचं बिल. आणि भाव असा होता, की कर्ज वाढत नव्हतं आणि खिशातले पैसे वाढत होते, तो आता बदललाय."

आजोबांनी चष्मा लावला, बिलावरची तारीख वाचली आणि विचारलं, "ठेकेदाराने गॅरंटी किती वर्षांची दिली आहे?"